न लागणारे फॉण्ट

आमच्या घरातला कॉम्प्युटर किती हळू होता हे मला कुकरवरून कळायचं. बटण दाबून मी स्वयंपाकघरात जायचे, डाळ-तांदूळ लावायचे, तीन शिट्ट्या होऊन गॅस बंद करायचे, आणि बाहेर येऊन बघावं तर पडद्यावरचं वाळूचं घड्याळ तसंच उभं. त्यानंतर बाबांची फाईल उघडायला आणखी दहा मिनिटं लागायची. तोवर बाबा समोर खुर्चीत बसून राहायचे. मला त्या मशीनचा इतका संताप यायचा की कधीकधी मी त्याला बाजूने थापड मारायचे, जुन्या रेडिओला मारतात तशी.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. नेरुळला तिसऱ्या मजल्यावर आमची दोन खोल्यांची जागा. आई, बाबा आणि मी. मी बेलापूरला एका खासगी ऑफिसात कामाला होते. बाबा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त होऊन दोनच वर्षं झाली होती, आणि त्या गणपतीच्या आधी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय काठीवर आला आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला, 'बरं'. भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं. आम्ही सुरावरून ओळखायचो.

डॉक्टर मात्र म्हणाले की यांना समजतंय सगळं आणि वाचताही येतंय. "ते रोज चालू ठेवा. आवडीचं काहीतरी वाचायला द्या. एकदा का त्यांनी नाद सोडला तर परत आणणं अवघड आहे." पेपरचा टाईप बारीक, चार ओळींत बाबा दमायचे. त्यांना वाचायची होती ती एकच गोष्ट, त्यांनी स्वतः लिहिलेली फाईल. कॉम्प्युटरवर अक्षर हवं तेवढं मोठं करता यायचं. रोज संध्याकाळी मी कामावरून आले की ते काठी टेकत त्या टेबलाशी येणार, मी फाईल उघडून देणार, आणि ते डाव्या हाताने बाणाची कळ दाबत अर्धा-पाऊण तास वाचणार. दिवसातला तेवढाच वेळ त्यांचा चेहरा पूर्वीसारखा असायचा.

ही फाईल त्यांनी आजाराआधी दीड वर्षं एका बोटाने टाईप केली होती. कारखान्याने जुनी मशीनं काढली तेव्हा त्यातलं एक त्यांनी घरी आणलं, आणि आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासूनच्या आठवणी लिहायला घेतल्या. मराठी कळफलक त्यांना कुठला येतोय! पण आई बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात बावीस वर्षं मराठी टायपिस्ट होती, इंग्रजी टायपिंगचीही परीक्षा दिलेली. म्हणून बाबांनी मुद्दाम असा मराठी फॉण्ट मिळवला की ज्याच्या कळा आईच्या टाईपरायटरसारख्या होत्या. मग बाहेरच्या खोलीतून हाक यायची, "अगं, ण कुठाय?" आणि आई पोळ्या लाटता लाटता सांगायची, "उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट, खालची ओळ, मग काना." बघायला ती कधी आली नाही. कॉम्प्युटर तिला आवडतच नसे. "त्याला आवाज नाही. आवाजच नाही तर चूक झालेली कळणार कशी?" म्हणायची. आणि बाबा त्यात डोकं घालून बसतात याचाही राग होताच. बाबांच्या आजारपणात तिने नोकरी सोडली, पण त्या टेबलाकडे ती फडका मारण्यापुरतीच जायची.

तर मशीन हळू, आणि दिवसेंदिवस जास्तच हळू. बाबा आता वाट बघताना डाव्या हाताची बोटं मांडीवर आपटायला लागले होते. एके दिवशी तर फाईल उघडायच्या आत उठून गेले. मला वाटलं, हे असंच चालू राहिलं तर नाद सुटणार. नवीन घ्यायची ऐपत नव्हती. म्हटलं, आहे तेच पळवू या.

आमच्या खाली, दुसऱ्या मजल्यावर, उरणकडचं एक मुसलमान कुटुंब राहायचं. त्यातले चाचा बंदराच्या मालाचं काम करणाऱ्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचे. माणूस सावध. माझं सगळं ऐकून घेऊन त्यांनी एका कागदावर यादी लिहून दिली आणि वर बजावलं, "बेटा, घाई नको. आधी कामाच्या फायली फ्लॉपीवर उतरव, दोन-दोन कॉप्या. मग एक काम कर, मशीन बंद करून परत चालू कर, बघ ठीक आहे का, मगच दुसरं. सगळं एकदम करशील तर कशाने बिघडलं ते कळणार नाही."

हे त्यांनी सांगितलं होतं बरं का. मी ऐकलंही होतं.

शनिवारी मला सुट्टी होती. बाबांना त्या दिवशी आई मालिश करून झोपवणार होती. मी सकाळी आठला सुरुवात केली. प्लग काढला, खिडकीच्या गजाला हात लावून अंगातली वीज घालवली, झाकण उघडलं. आत धूळ म्हणजे काय विचारू नका. आमच्या मागच्या डोंगरात खडी फोडायचे, तिची पांढरी पूड घरभर यायची. ती रंगाच्या नव्या ब्रशने हळूहळू झाडली. पंख्याच्या पात्यांवरचा थर निघाला तसा त्याचा घरघराट निम्मा झाला. मग फायली फ्लॉपीवर उतरवल्या, सांगितल्याप्रमाणे दोन-दोन. बाबांची फाईल तर मी तीन फ्लॉप्यांवर घेतली. मशीन सुरू होताना आपोआप उघडणारे चार-पाच प्रोग्रॅम बंद केले. पडद्यामागचं गणपतीचं चित्र काढलं, त्यावर आई म्हणाली, "त्याने काय अडवलं होतं तुझं?" तात्पुरत्या फायलींचा ढीग होता तो उडवला.

प्रत्येक वेळी बंद-चालू करायला आठ-दहा मिनिटं. दुपारचे बारा वाजले. मग माझा धीर सुटला. म्हटलं, आतापर्यंत काही बिघडलं नाही, उरलेलं एकदम उरकू. यादीत पुढे होतं, 'न लागणारे फॉण्ट काढणे.' फॉण्टची खिडकी उघडली तर चारशेच्या वर. कुणीतरी बाबांना फुकटची सीडी दिली होती, तीतले सगळे त्यांनी घालून ठेवले होते. मशीनला सुरू होताना तो सगळा भार वाहावा लागायचा. मी माझ्या ओळखीचे वीस-पंचवीस ठेवले आणि बाकीचे उडवले. नावं सगळी इंग्रजी. मराठी फॉण्टचं नावही इंग्रजीच असतं, दोन अक्षरं आणि एक आकडा, हे मला ठाऊक असायला हवं होतं. एक मराठी फॉण्ट राहिला होता, त्याच्या नावातच 'मराठी' हा शब्द होता, तो बघून मी निश्चिंत झाले. मग कचऱ्याची टोपली रिकामी केली. आणि मग डिस्कवरचे विस्कटलेले तुकडे ओळीने लावायचा प्रोग्रॅम सोडला. त्याचे रंगीत चौकोन संध्याकाळपर्यंत सरकत होते, आणि मी चहा घेत ते कौतुकाने बघत होते. म्हणजे खोडलेलं परत मिळण्याची जी काही आशा होती, तिच्यावर नांगर फिरताना मी स्वतः बसून बघितला.

सहा वाजता मशीन बंद करून चालू केलं. दीड मिनिटात सुरू! मी माझं एक इंग्रजी पत्र उघडून बघितलं, टिचकी वाजवावी तसं उघडलं. मला कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालं. बाबांना हाक मारली, "या, तुमची गाडी सुसाट केलीय."

ते काठी टेकत निघाले आणि मी त्यांची फाईल उघडली. पडदाभर इंग्रजी अक्षरं. डी, के, जे, अर्धविराम, टिंब, परत के. शब्द नाही, वाक्य नाही, काही नाही.

काठीचा आवाज जवळ येत होता. मला सुचलं ते मी केलं. सगळा मजकूर निवडला आणि तो जो एक मराठी फॉण्ट वाचला होता, तो त्याला लावला. आणि पडद्यावर मराठी आलं! लांबून बघितलं तर अगदी पूर्वीसारखं पान. मी लगेच खुर्ची सरकवून दिली. स्वतः एक ओळ वाचून बघायची बुद्धी मला झाली नाही.

बाबा बसले. वाचायला लागले. थांबले. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला. पडद्याच्या अगदी जवळ गेले. मी वाकून बघितलं तेव्हा मला दिसलं. अक्षरं खरी होती, मराठी होती, काना-मात्रा सगळं जागेवर, पण एकाही शब्दाला अर्थ नव्हता. त्या फॉण्टच्या कळाच निराळ्या होत्या. बाबांनी डावा हात कपाळावर ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. अगदी हळू म्हणाले, "बरं."

त्या 'बरं'चा सूर मी याआधी कधी ऐकला नव्हता. त्यांना वाटलं, आता वाचणंही गेलं.

"बाबा, तुमचं काही नाही, कॉम्प्युटरचं बिघडलंय," मी म्हणाले. दहा वेळा म्हणाले. पण त्यांनी का विश्वास ठेवावा? हॉस्पिटलात आम्ही त्यांना सांगितलं होतं की महिन्याभरात बोलायला लागाल, हात तर पंधरा दिवसांत चालेल. सगळं गोड गोड खोटं. हेही त्यातलंच, असं त्यांनी धरलं. मी पेपर पुढे केला, म्हटलं हे मथळे तर वाचा, बघा येतंय. त्यांनी तो उलटा करून ठेवला. कॅलेंडर दाखवलं तर डोळे मिटून घेतले. खरंच गेलंय की काय ते तपासून बघायचीही त्यांची तयारी नव्हती. त्या दिवसापासून ते खुर्चीवरून उठेनात. जेवण दोन घास. नाद सोडला तर परत आणणं अवघड, हे डॉक्टरांचं वाक्य मला आंघोळ करताना, बस पकडताना, सगळीकडे ऐकू यायचं.

मी फॉण्टच्या मागे लागले. ज्याने तो बाबांना दिला तो बेलापूरला अर्ज टाईप करून देणारा माणूस दुकान विकून गावी गेला होता, तिथे आता झेरॉक्स चालू होतं. त्याने दिलेली मूळ फ्लॉपी कपाटात सापडली, तर तिच्यातल्या काळ्या चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके. आमच्याकडची हवाच तशी, खाडीजवळची. चाचांनी त्यांच्याकडचे तीन मराठी फॉण्ट लावून बघितले, तीन तऱ्हेचं अगम्य आलं. ते मला रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. "फाईलमधे अक्षरं नसतातच बेटा," ते म्हणाले. "कुठली कळ दाबली तेवढंच असतं. अक्षर फॉण्टमधे असतं. तू फाईल तीन-तीन ठिकाणी जपलीस, आणि..." पोथी जपली आणि चष्मा रद्दीत घातला, असलं माझं शहाणपण.

त्यांनी ती इंग्रजी अक्षरांची पानं छापून दिली. कुणा जाणकाराला दाखवू म्हणाले. पुढच्या रविवारी दुपारी ती चळत मी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि तिथेच डोकं टेकून बसले. आई शेजारी गवार मोडत होती. बाबा खुर्चीत, तोंड भिंतीकडे.

आईने पानावर नजर टाकली. "हे काय, इंग्रजी?"

"नाही गं. बाबांचीच फाईल. कुठली कळ दाबली तेवढं उरलंय, अक्षरं गेली."

"कुठली कळ दाबली ते आहे ना?" आईने शेंग खाली ठेवली. "मग आणखी काय पाहिजे?"

तिने पदराला हात पुसले, पान जवळ ओढलं आणि दोन्ही हात टेबलाच्या मेणकापडावर ठेवले, टाईपरायटरवर ठेवतात तसे, मनगटं उचलून. "डी म्हणजे डावं मधलं बोट. तिथे क. के म्हणजे उजवं मधलं. काना." तिची बोटं कापडावर हलायला लागली. डोळे कागदावर, बोटं कापडावर, आणि ओठांतून मराठी. आधी अक्षर अक्षर, मग शब्द.

"आम्ही... इथे... राहायला आलो तेव्हा... सगळ्या इमारती सारख्या... दिसायच्या."

भिंतीकडचं तोंड वळलं.

"पहिल्या आठवड्यात मी चुकून शेजारच्या इमारतीत... तिसऱ्या मजल्यावर शिरलो, चपला काढल्या, खुर्चीत बसलो आणि चहा टाक म्हणालो. त्या बाईंनी... बिचाऱ्यांनी... टाकला." आई थांबली. "हे मला सांगितलं नव्हतंत हो. कोण ती बाई?"

बाबा काठी न घेताच उठायला बघत होते. मी धावले, त्यांची खुर्ची टेबलाशी आणली. त्यांनी आधी कागदाकडे बघितलं, नुसती इंग्रजी अक्षरं. मग आईच्या बोटांकडे. या बाईने ही फाईल कधी वाचलेली नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? ती मनाचं सांगत नव्हती. म्हणजे मजकूर शाबूत होता, आणि बिघडलं होतं ते खरंच कॉम्प्युटरचं.

आई वाचत राहिली. टँकरच्या रांगा आल्या, कोल्हे आले, बाबा स्टोअरमधला पहारेकरी चोर समजून पकडून बसले होते तो किस्सा आला. तिचा वेग वाढत चालला होता. चौथ्या पानावर खाली ती जराशी अडखळली, पान उलटलं आणि पाचवं सुरू केलं.

बाबांनी डावा हात टेबलावर आपटला.

"काय झालं?" आई म्हणाली.

त्यांनी बोटाने मागे जा अशी खूण केली.

"वाचलं की ते."

त्यांनी मान हलवली. हात परत आपटला, या वेळी जोरात, गवारीच्या शेंगा उडाल्या. चौथं पान त्यांनी स्वतः ओढून वर आणलं आणि अगदी खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. माझ्या तेव्हा लक्षात आलं. आईने काहीतरी गाळलं होतं, आणि बाबांना ते कळलं होतं. ज्याची अक्कल गेलीय त्याला काय गाळलं ते कळत नसतं. मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं.

"राहिलं एक वाक्य," आई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "विशेष काही नाही त्यात."

"मी आत जाऊ का?" मी विचारलं.

"बस गप."

तिने परत हात मेणकापडावर ठेवले. एवढा वेळ धावणारी तिची बोटं आता एकेक कळ दाबत होती, शिकाऊ मुलीसारखी.

"तू बावीस वर्षं लोकांची पत्रं टाईप केलीस. तुला कुणी कधी पत्र लिहिलं नाही. मीही नाही. हे तुझंच पत्र समज. लांबलंय, पण सवडीने वाच."

सहा महिने ती फाईल मी रोज उघडून देत होते, आणि पहिल्या पडद्यापलीकडे मी एक ओळ वाचली नव्हती. आणि बाबा रोज संध्याकाळी ती उघडून एकटेच वाचत होते, कारण जिला ती द्यायची होती तिला हे सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हता.

आईची बोटं अजून मेणकापडावरच होती. "अक्षर अक्षर मला विचारून लिहिलंत," ती म्हणाली, "आणि मी आतून ओरडून सांगत होते." मग तिने गवारीचं ताट बाजूला सारलं, पानं नीट जुळवली आणि पहिलं पान पुन्हा वर घेतलं.

"थांबा," म्हणाली. "सुरुवातीपासून वाचते."